गोल्डफिश खायचे बंद झालेत, तळाशी बसून राहतात, सांगलीत कुठलं औषध आणू?

औषधाचं नंतर बघू ओ, आधी पाणी बघा. तुम्हीच लिहिलंय की टाकी अख्खी रिकामी केली, फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला आणि दुसऱ्या दिवसापासून मासे खाईनात, मग घोळ तिथंच दिसतोय. स्पंजातले बॅक्टेरिया माशांच्या घाणीतला अमोनिया संपवतात, नळाच्या क्लोरीननं ते मरतात, अमोनिया साठतो आणि मासा दाणा तोंडात घेऊन परत थुंकतो.

पाणी तपासायचं टेस्ट किट आणा, अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्राइट, तेही विषारीच, दोन्ही शून्य पाहिजेत. तोवर रोज पाव टाकी पाणी बदला, अँटीक्लोरीन म्हणजे नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारे थेंब घालून, नवं पाणी जुन्याइतकंच गार किंवा कोमट असू दे. दोन दिवस दाणे बंद, गोल्डफिशला त्यानं काही होत नाही, उलट उरलेले दाणे कुजून पाणी आणखी खराब होतं. एअर पंप बंद करू नका.

दुकानदार बहुतेक निळं औषध देईल, मिथिलीन ब्ल्यू, ते मेन टाकीत ओतू नका, उरलेसुरले बॅक्टेरियापण जातील. अंगावर रव्याएवढे पांढरे ठिपके दिसले तर मात्र फोटो टाका, ते वेगळं प्रकरण आहे.