तुमचे प्रश्न, ताईची उत्तरं : बाहुली म्हातारी होत नाही

मागच्या अंकात बोलता बोलता लिहून गेले की मोठ्या सिनेमा-फ्रँचायझीतल्या पात्रांना धड म्हातारं होऊ देत नाहीत आणि धड मरूही देत नाहीत. झालं! त्या एका ओळीवर पत्रांचा ढीग आलाय, निम्म्यांनी पाठ थोपटली, निम्म्यांनी धुऊन काढलं. त्यातली सहा घेतेय, बाकीच्यांनी रुसू नका.

प्रश्न : ताई, आम्ही दोघं भाऊ 'स्टार वॉर्स' बघतच मोठे झालो. 2017 चा 'द लास्ट जेडाय' आला आणि तेव्हापासून आमचं जे वाजलंय ते अजून मिटलेलं नाही. दादा म्हणतो आपला जुना हिरो ल्यूक, त्याची पार वाट लावली, जो पोरगा डार्थ व्हेडरसारख्या खलनायक बापात पण चांगुलपणा शोधतो तो झोपलेल्या भाच्यावर लाइटसेबर, म्हणजे ती प्रकाशाची तलवार, उगारेल का? मला नेमका तोच भाग आवडला. कोण बरोबर ते सांगा, उत्तर दादाला दाखवणारे. – धाकटा

उत्तर : दाखवणारच आहेस तर आधी तुला खूश करते. 1983 च्या सिनेमातला शेवट दोघांनी परत बघा. व्हेडर नुसतं म्हणतो की तू नाही तर तुझी बहीण माझ्या बाजूला येईल, आणि ल्यूकचं डोकं असं फिरतं की तो बापाला झोडपत सुटतो, हात तोडतो, आणि मग त्या तुटलेल्या यांत्रिक हाताकडे बघून स्वतःच्या हाताकडे बघतो, तोही यांत्रिकच. तिथे तो थांबतो आणि शस्त्र फेकून देतो. म्हणजे ही उबळ त्याच्यात होतीच. भाच्याच्या बिछान्याशी तीच उबळ येते आणि लगेच ओसरते, फक्त यावेळी समोरचा जागा होतो. एकदा मोहावर मात केली म्हणून जन्मभराची सूट मिळत नाही कोणाला, त्यामुळे 'ल्यूक असं करणारच नाही' हे दादाचं म्हणणं मला पटत नाही.

आता दादासाठी. त्याचा राग खोटा नाहीये, तो चुकीच्या जागी निघतोय इतकंच. 2015 च्या सिनेमात ल्यूक अगदी शेवटी येतो, काही क्षण, एक शब्द बोलत नाही. पुढच्या सिनेमात नवी नायिका रे त्याच्या हातात लाइटसेबर देते तर तो खांद्यावरून मागे भिरकावून देतो. मधल्या तीसेक वर्षांत हा माणूस आतून कसा कसा झिजत गेला ते आपल्याला दोन-तीन फ्लॅशबॅकमध्ये उरकून सांगितलं. भिंत पडलेली दाखवली, भेग कुठून सुरू झाली ते दाखवलंच नाही. ज्या पात्रावर लोकांनी चाळीस वर्षं जीव लावला त्याच्या बाबतीत एवढी घाई चालत नाही हो.

आणि घाई का, तर तिथे पैसा येतो. डिस्नेने 2012 मध्ये लुकासफिल्म 405 कोटी डॉलरला घेतली, मग 2015, 2017, 2019, एक वर्षाआड डिसेंबरात तीन सिनेमे लागले. तिन्ही भागांची मिळून एक गोष्ट आधी पक्की होती असं बघताना कुठेच वाटत नाही. पहिला अब्राम्सचा, दुसरा जॉन्सनचा, तिसऱ्यासाठी ठरलेला दिग्दर्शक मध्येच गेला आणि परत अब्राम्स आला. त्या तिसऱ्यात काय होतं आठवतंय? रे लाइटसेबर आगीत फेकते, ल्यूकचं भूत ते झेलतं आणि शस्त्राचा मान राखायला हवा असं तिला सुनावतं. खुद्द ल्यूक! हे पात्र बोलत नाहीये, हा मागच्या सिनेमाबद्दलचा माफीनामा आहे. मला 2017 च्या ल्यूकपेक्षा हा 2019 चा ल्यूक जास्त खटकतो. दादाला हेही सांग की ल्यूक साकारणाऱ्या खुद्द मार्क हॅमिललाही ल्यूकचं ते रूप पटलं नव्हतं, त्याने तसं जाहीर बोलून दाखवलं, नंतर जाहीर बोलायला नको होतं असंही म्हणाला.

प्रश्न : कोण जगणार कोण मरणार हे खेळणी विकणारे ठरवतात असं माझा मित्र छातीठोक सांगतो. मला ही अफवा वाटते. खरं काय? – संशयी

उत्तर : मित्राला चहा पाजा, बऱ्याच अंशी खरंय.

सगळ्यात उघडं उदाहरण 'ट्रान्सफॉर्मर्स' ह्या रोबोंचं. ती खेळणीच आधी, 1984 मध्ये हॅस्ब्रोने आणली, कार्टून आलं ते खेळण्यांच्या मागे. 1986 च्या ॲनिमेटेड सिनेमापर्यंत जुना माल काढून नवीन आणायचा होता, मग जुन्या रोबोंना पटापट उडवलं आणि त्यात त्यांचा नेता ऑप्टिमस प्राइम पण गेला. पण मारला कसा बघा. टेबलावर पडलेला, भोवती सगळे गोळा, तो नेतृत्व दुसऱ्याच्या हाती देतो आणि मग त्याचा लाल-निळा रंग हळूहळू उतरून सगळा राखाडी होतो. थिएटरात पोरं रडली. कंपनीला ह्याची कल्पनाच नव्हती, त्यांच्या लेखी तो कपाटातून हलवायचा एक डबा होता, आणि पोरांच्या लेखी घरातला माणूस. इतका गदारोळ झाला की 1987 मध्ये त्याला टीव्हीवर परत जिवंत केलं, आणि हॅस्ब्रोच्याच 'जी. आय. जो' ह्या सैनिक-बाहुल्यांच्या सिनेमात ड्यूक नावाचा हिरो मरणार होता तिथे डायलॉग बदलून तो कोमात गेलाय असं सांगितलं. चित्रात पार गेलेला दिसतो आणि आवाज सांगतो की आहे अजून. हसावं की रडावं!

मोठ्यांच्या सिनेमातही हेच. 'आयर्न मॅन 3' च्या आधीच्या स्क्रिप्टमध्ये मुख्य व्हिलन बाई होती, तिची बाहुली कमी खपेल म्हणून बदलायला लावलं, हे दिग्दर्शक शेन ब्लॅकनेच नंतर सांगितलं. 2015 च्या ॲव्हेंजर्समध्ये विमानातून मोटरसायकलसकट खाली झेपावते ती ब्लॅक विडो, आणि त्या सीनचं खेळणं बाजारात आलं त्यात गाडीवर बसलेला कॅप्टन अमेरिका. म्हणजे बाईने स्टंट करायचा आणि डब्यावर फोटो दुसऱ्याचा. ह्यावर मी अजून दोन पानं लिहू शकते पण संपादक बघतायत.

प्रश्न : पूर्वी लोक कलेसाठी सिनेमे काढायचे, आता सगळा धंदा झालाय. पटतंय ना? – एक जुना प्रेक्षक

उत्तर : नाही पटत, माफ करा. 1964 ची बाँडची गाडी 1965 मध्ये खेळणं होऊन आली, बटण दाबलं की शेजारच्या सीटवरचा माणूस छतातून उडायचा. आणि 1977 च्या ख्रिसमसला 'स्टार वॉर्स'ची खेळणी तयारच नव्हती तर केनर कंपनीने चक्क रिकामा खोका विकला, आत एक सर्टिफिकेट, बाहुल्या नंतर पोस्टाने येतील म्हणून. 'स्टार वॉर्स'च्या दिग्दर्शकाने, लुकासने, मर्चंडाइजचे हक्क स्वतःकडे ठेवले होते ते काय उगाच?

प्रश्न : सिनेमात ब्रँड दिसला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. घड्याळ, गाडी, लॅपटॉप, क्लोजअपच क्लोजअप. असा सिनेमा चांगला असूच शकत नाही असं माझं मत, घरचे म्हणतात मी खडूस. – खडूस

उत्तर : घरच्यांशी सहमत, पण प्रेमाने सांगते. बाँडचा 'कसिनो रोयाल', 2006. त्या सिनेमात लॅपटॉप-फोन सगळे एकाच कंपनीचे, गाड्यांचंही तेच, आणि ट्रेनमधल्या सीनमध्ये तर हद्द आहे, नायिका व्हेस्पर घड्याळाचा अंदाज करते, रोलेक्स? बाँड म्हणतो, ओमेगा. ती म्हणते, सुंदर. जाहिरातच की ही, दुसरं काय! पण तो अख्खा सीन आठवा. दोघं समोरासमोर बसलेत, पहिलीच भेट, आणि एकमेकांना पानं उलटावीत तसं वाचतायत. तिचा सूट, तिची धार ह्यावरून तो तिला ओळखू बघतो. मग ती सुरू होते, हा सूट तू अंगावर घालतोस पण थोड्या तुच्छतेने, म्हणजे शिकलास श्रीमंतांत पण आलास दुसरीकडून, म्हणजे अनाथ. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहतं पण डोळ्यातलं जातं. घड्याळाची जाहिरात ह्याच बोलण्यात घुसवलीये आणि तरी आपण ती खपवून घेतो, कारण तोवर आपल्याला त्या दोघांत काय होणार ह्याची काळजी लागलेली असते.

उलट आधीच्या, 2002 च्या बाँडपटात ब्रँड होतेच, वर अदृश्य होणारी गाडी होती, आणि बाँडला मात्र कशानेच काही लागत नव्हतं. म्हणून मला ब्रँडचा राग येत नाही, मी एवढंच बघते की पात्राने जे केलं त्याची किंमत त्याला मोजावी लागली का, आणि ती आपल्या डोळ्यादेखत मोजली का. 2006 च्या बाँडला मोजावी लागते. व्हेस्पर जाते आणि आपण सोबत बुडतो.

प्रश्न : स्टुडिओने फॅन्सचं ऐकावं का? आमच्यामुळेच चालतात ना हे सिनेमे? – हक्काचा फॅन

उत्तर : ऐकावं, पण काय ऐकावं? सॉनिक ह्या व्हिडिओगेममधल्या पात्राच्या सिनेमाचा ट्रेलर 2019 मध्ये आला, दात माणसासारखे, लोक ओरडले, डिझाइन बदललं, बरं झालं. दिसण्याबद्दल ओरडा खुशाल. पण पात्राने काय करावं हे आरडाओरड्यावर ठरायला लागलं की 'रोज टिको' ह्या पात्रासारखं होतं. 'द लास्ट जेडाय'मध्ये तिला भलीमोठी भूमिका, मग ती करणाऱ्या केली मेरी ट्रॅन ह्या नटीला इतका छळ सोसावा लागला की 2018 मध्ये तिने इन्स्टाग्रामवरच्या पोस्ट पुसल्या, आणि 2019 च्या सिनेमात हे पात्र दीडेक मिनिटसुद्धा दिसत नाही. कोणाचं ऐकलं तिथे? आवडलेल्यांचं नक्कीच नाही.

अजून एक बोलते, झोंबेल. 'माझा हिरो होता तसाच ठेवा, हात लावू नका' असं म्हणणारा फॅन स्वतःला धंद्याच्या विरोधातला समजतो. पण खेळणीवाल्या कंपनीला नेमकं हेच हवं असतं ना, तीच पोझ, तोच चेहरा, तेच शस्त्र, वर्षानुवर्षं. बाहुली म्हातारी होत नाही, पस्तावत नाही, तिला भाच्याची लाज वाटत नाही. सगळ्यात जास्त धंद्याविरुद्ध बोलणाऱ्यांची आणि धंदेवाल्यांची मागणी बऱ्याचदा एकच निघते. (मी पण ह्यातलीच, ऑप्टिमस राखाडी व्हायला लागला की अजून रिमोट शोधते.)

प्रश्न : आयर्न मॅन, म्हणजे टोनी स्टार्क, 2019 मध्ये मेला, मी थिएटरात ढसाढसा रडलो. आता तोच नट डॉक्टर डूम ह्या व्हिलनच्या रूपात आणतायत. माझे अश्रू परत द्या. जाऊ की नको? – रडका

उत्तर : जा की. पात्र वेगळं आहे, तुमचा टोनी मेलेलाच आहे, तेवढं तरी अजून कोणी पुसलेलं नाही. पण तुमची चिडचिड कळते, चेहरा विकत घेऊन निरोपाची धार बोथट करतायत असं मलाही वाटतं. 2024 च्या जुलैमध्ये सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनला घोषणा कशी केली बघितलंत ना, हिरव्या झग्यातला मुखवटा घातलेला माणूस स्टेजवर आला, त्याने मुखवटा काढला आणि आत रॉबर्ट डाउनी ज्युनियर, पब्लिक वेडं. आता गंमत अशी की डूम हे कॉमिक्समधलं पात्रच मुळात चेहरा लपवणारं, त्याची अख्खी घमेंड आणि जखम त्या लोखंडाच्या आत आहे. म्हणून तिकीट काढून बसाल तेव्हा फक्त एवढं मोजा, मुखवटा किती वेळ चेहऱ्यावर राहतो आणि किती वेळ हातात, आणि मला कळवा.

आणि धाकट्या, दादा काय म्हणाला तेही.