कॅलिफोर्नियात फ्रीवेवर शिरताना आधी जायचा हक्क कोणाचा? पुढच्या गाडीपासून अंतर किती ठेवायचं?

हक्क फ्रीवेवर आधीपासून असलेल्या गाड्यांचा. जागा शोधायची जबाबदारी रॅम्पवरून (फ्रीवेला जोडणाऱ्या चढरस्त्यावरून) येणाऱ्याची. फ्रीवेवरचा ड्रायव्हर बऱ्याचदा जागा करून देतो, पण ते गृहीत धरू नका.

नवीन लोक रॅम्पवर बिचकून हळू होतात, खरा धोका तिथेच आहे. ताशी ६५ मैलांनी धावणाऱ्या गाड्यांमध्ये ४० ने शिरलात तर मागच्याला करकचून ब्रेक मारावा लागतो. रॅम्पची लांबी वेग वाढवण्यासाठीच असते, ती पूर्ण वापरा. इंडिकेटर लवकर द्या, आरसे बघा आणि डाव्या खांद्यावरून मान वळवून बघाच, कारण शेजारची गाडी आरशात दिसेलच असं नाही. अगदी नाइलाज असल्याशिवाय रॅम्पच्या टोकाला थांबू नका. (मीटरिंगचा, म्हणजे रॅम्पवरून गाड्या एकेक करून सोडणारा, सिग्नल लाल असेल तर अर्थातच थांबायचं.)

अंतरासाठी तीन सेकंदांचा नियम: पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मोजा, तुम्ही तिथे तीन सेकंदांच्या आत पोहोचता कामा नये. ६५ मैल वेगाला हे सुमारे ८७ मीटर होतं. पाऊस किंवा धुकं असेल तर आणखी वाढवा. आत शिरल्यावर अंतर कमीच असतं, तेव्हा ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटर थोडा सोडून ते हळूहळू वाढू द्या.