खुनी सापडल्यावरही उरणारे रहस्य

प्रश्न : मुलाच्या आग्रहाखातर ‘ट्विन पीक्स’ ही जुनी अमेरिकन मालिका पाहतो आहे. गुंता सुटण्याऐवजी वाढतच जातो. तरीही लोक तिच्यावर इतके लुब्ध का?

उत्तर : डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांनी १९९० साली एबीसी वाहिनीवर ही मालिका आणली, तेव्हा लॉरा पामर या शाळकरी तरुणीचा खून त्यांच्या लेखी बव्हंशी निमित्तमात्र होता, खरी गोडी त्या लाकूड गिरणीच्या गावातील माणसांच्या दुहेरी आयुष्यात आणि स्वप्नातल्या खुणांवरून तपास करणाऱ्या, कॉफीवर जीव टाकणाऱ्या एफबीआय (अमेरिकी केंद्रीय तपास संस्था) एजंट कूपरमध्ये आहे. पुढचा अंदाज येत नाही, कारण काही वेळा तो खुद्द निर्मात्यांनाही नसे. लॉराची आई दचकून उठते, त्या दृश्यात सेट सजवणारे फ्रँक सिल्व्हा यांचे प्रतिबिंब चुकून आरशात टिपले गेले. दुसऱ्या कुणी ते दृश्य पुन्हा घेतले असते, लिंच यांनी मात्र ते तसेच राखले आणि बॉब हे भयंकर पात्र रुजले. वाहिनीच्या दबावाखाली दुसऱ्या पर्वात खुनी उघड करावा लागला, त्यानंतर मालिका (माझ्या मते) बरीच भरकटली आणि १९९१ मध्ये बंद पडली. तो भरकटलेला भाग खुशाल चाळून पाहावा. परंतु लिंच यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला त्या पर्वाचा अखेरचा भाग चुकवू नये.