कागदावरचं पात्र ॲनिमेशनमध्ये घेतलं की कडेला पांढरी किनार का येते, आणि ती घालवायची कशी?

तुम्ही लिहिलंय की पात्रं जलरंगात कागदावर रंगवली, स्कॅन केली, मॅजिक वाँडनं (एकसारख्या रंगाचे ठिपके एकदम निवडणारं साधन) मागचं पांढरं निवडून डिलीट केलं आणि पीएनजी म्हणून सेव्ह केली. नुसती फाइल उघडली तर स्वच्छ दिसते. पण रात्रीच्या आकाशावर ठेवली की प्रत्येक पात्राभोवती पांढरी किनार येते, आणि पात्र लहान केलं की ती आणखीच डोळ्यांत भरते. यात दोन वेगवेगळी दुखणी आहेत. किनार हे एक, आणि लहान केल्यावर वाढणं हे दुसरं. बहुतेक जण पहिल्यावर औषध करतात आणि दुसरं तसंच राहतं, म्हणून मुळापासून सांगते.

मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते आणि टू-डी ॲनिमेशनची कामं करते. एका गणेशोत्सवात मंडळाच्या देखाव्यासाठी पडद्यावर दाखवायची छोटी फिल्म केली होती. कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक येतो आणि आमचा सयाजीराव होतो, ही गोष्ट. पहिल्याच दृश्यात उजाडायच्या आधीचा अंधार, अंगणात जुंपलेली बैलगाडी आणि दारात उभी आई. सगळं हातानं रंगवलेलं. पहिल्या संध्याकाळी प्रोजेक्टर लावला, गाडी हलली आणि चाकाच्या आऱ्यांच्या कडेनं पांढरे कण चमकायला लागले. पुढच्या रांगेतल्या एका काकांना ते मुद्दाम केलेलं वाटलं आणि त्यांनी कौतुकही केलं. मला मात्र ते बघवेना. त्या रात्री बसून ते चाक पुन्हा कापलं. पुढचं बहुतेक सगळं त्या चाकानं शिकवलेलं आहे.

चाकाचा एक आरा स्क्रीनवर आठपट मोठा करून बघा. मध्ये लाकडाचा गडद तपकिरी, बाहेर कागद, आणि दोन्हींच्या मधे दोन-तीन ठिपके असे असतात जे धड लाकूडही नाहीत आणि धड कागदही नाहीत. स्कॅनरच्या एका ठिपक्यात अर्धी रेघ आणि अर्धा कागद आला की तो दोघांची सरासरी लिहून मोकळा होतो. काळी रेघ म्हणजे ०, पांढरा कागद म्हणजे २५५, तर कडेचा ठिपका येतो साधारण १२८, म्हणजे राखाडी. मॅजिक वाँड पांढरे ठिपके उचलतं आणि हे राखाडी तसेच ठेवतं, पूर्ण अपारदर्शक. पांढऱ्या कागदावर ते रेघेचा भाग वाटतात, अंधाऱ्या आकाशावर मात्र फिकट किनार होऊन दिसतात. टॉलरन्स, म्हणजे किती जवळचे रंग एकत्र उचलायचे ते माप, वाढवला तर किनार जाते, पण तिच्याबरोबर बारीक रेघाही खाल्ल्या जातात आणि कड करवतीसारखी दातेरी होते.

म्हणून ‘बॅकग्राउंड काढणं’ हा शब्दच मला चुकीच्या वाटेला नेणारा वाटतो. काढायचा असतो तो कडेच्या प्रत्येक ठिपक्यात मिसळलेला कागद. तो १२८ चा राखाडी ठिपका खरं तर ‘काळा, पण अर्धा पारदर्शक’ असा लिहिला गेला पाहिजे. मग त्याच्यामागे पांढरं आलं तर तो राखाडी दिसेल आणि निळं आकाश आलं तर गडद निळा दिसेल. पीएनजीमध्ये हे लिहायची सोय आहे. लाल, हिरवा, निळा या तीन आकड्यांसोबत चौथा आकडा असतो अल्फाचा, म्हणजे ठिपका किती अपारदर्शक ते सांगणारा, आणि नेहमीच्या पीएनजीत तो ० ते २५५ असा २५६ पायऱ्यांचा असतो. जेपीजीमध्ये ही सोयच नाही. जीआयएफमध्ये ठिपका एक तर पूर्ण दिसतो नाही तर अजिबात नाही, अर्धामुर्धा पारदर्शक होतच नाही. म्हणून पात्रांसाठी पीएनजीच घ्यायचं.

आता तुमच्या हातातल्या चित्रांचं काय करायचं ते. क्रिटा आणि गिंप ही चित्रांची सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट मिळतात आणि दोन्हींत ‘कलर टू अल्फा’ आहे. गिंपमध्ये कलर्सच्या मेनूत, क्रिटात फिल्टर, मग कलर्स. रंग पांढरा द्यायचा. हे फिल्टर प्रत्येक ठिपक्यात किती पांढरं मिसळलंय ते काढतं आणि तेवढी पारदर्शकता देतं. नुसत्या काळ्या रेघांच्या चित्राला हे एकदा लावलं की काम झालं. पण रंगवलेल्या चित्राला सरसकट लावलं तर आतलंही पांढरं जातं. गोपाळचं धोतर गेलं, डोळ्यांतलं पांढरं गेलं आणि फिकट गुलाबी गालांतून आकाश दिसायला लागलं, असं माझं झालं होतं. तेव्हा ते फक्त कडेवर लावायचं. पात्राबाहेरचा कागद निवडा, पुसा, मग सिलेक्टच्या मेनूतून त्या निवडीची बॉर्डर तीन पिक्सेलची करा. आता निवडलेली आहे ती नुसती कड, तेवढ्यावरच कलर टू अल्फा लावा. आतले तपकिरी ठिपकेही थोडे विरळ होतील, कारण त्यांच्यातही फिल्टरला पांढरं सापडतंच. त्यावर उपाय म्हणून आधीच लेयरची, म्हणजे चित्राच्या थराची, एक प्रत करून ठेवायची, तिची निवड दोन पिक्सेल आत ओढून बाकीचं पुसायचं आणि ती खाली ठेवायची. वरच्या कडा मऊ राहतात आणि आतला रंग भरीव.

धोतरासारख्या पांढऱ्या वस्तूची पांढऱ्या कागदावरची कड कुठलंही फिल्टर ओळखू शकत नाही. तिथे मास्क, म्हणजे काय दिसायचं आणि काय लपायचं ते ठरवणारा थर, हातानंच रंगवावा लागतो, दुसरा रस्ता नाही. पुढच्या वेळी पांढऱ्या वस्तूंना आधीच बाह्यरेघ द्या.

फोटोशॉप वापरत असाल तर लेयर, मॅटिंग, रिमूव्ह व्हाइट मॅट हे करून बघा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. आफ्टर इफेक्ट्समध्ये फाइलवर इंटरप्रीट फुटेज उघडून अल्फासाठी ‘प्रीमल्टिप्लाइड, मॅटेड विथ कलर’ निवडा आणि रंग पांढरा द्या. कडा मऊ कापलेल्या असतील आणि नुसता कागदाचा रंग मिसळलेला राहिला असेल तर एका क्लिकमध्ये किनार जाते. दातेरी कापलेल्या कडेवर मात्र याचा उपयोग नाही.

दुसरं दुखणं, लहान केल्यावर वाढणारी किनार. पीएनजीत पूर्ण पारदर्शक ठिपक्यालाही रंग असतो, फक्त तो दिसत नाही. अल्फा शून्य, पण रंगाच्या तीन खणांत अजून पांढरं बसलेलंच असतं. सॉफ्टवेअर चित्र लहान करतं तेव्हा शेजारशेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढतं. ती काढताना अल्फाचं वजन धरलं नाही तर लपलेलं पांढरं पुन्हा कडेत झिरपतं. चांगली सॉफ्टवेअर आधी रंगाला अल्फानं गुणून घेतात, त्याचंच नाव प्रीमल्टिप्लाइड अल्फा. याचं गणित टॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये एका निबंधात नीट बसवून दिलं. पण गेम इंजिनं आणि काही साधी ॲनिमेशन सॉफ्टवेअर पीएनजी जशीच्या तशी वापरतात. त्यांच्यासाठी पारदर्शक भागाखाली पांढऱ्याऐवजी पात्राच्या कडेचाच रंग पसरवून ठेवायचा. गिंपमधून एक्स्पोर्ट करताना ‘पारदर्शक पिक्सेलचे रंग सेव्ह करा’ अशा अर्थाची एक खूण असते, ती चालू असेल तेव्हाच हा खालचा रंग फाइलमध्ये टिकतो. याहून सोपा मार्ग म्हणजे पात्र पडद्यावर जेवढं दिसणार आहे साधारण तेवढ्याच आकारात, फार तर दुपटीत एक्स्पोर्ट करणं. दहापट मोठं चित्र आत नेऊन तिथे लहान करत बसू नये.

चाकाकडे परत येते, कारण सगळ्यात जास्त चुका पोकळ्यांमध्ये होतात. आमच्या चाकाला बारा आरे होते, म्हणजे आऱ्यांमधले बारा तुकडे कागद. मॅजिक वाँडला ‘कंटिग्युअस’ (फक्त एकमेकांना लागून असलेले ठिपके उचलणं) चालू असलं की ते बाहेरचा कागद उचलतं आणि आतले बारा तुकडे तसेच राहतात. ते मी एकेक निवडले, तरी तुंब्यापाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या गड्ड्यापाशी, जिथे दोन आरे जवळ येतात तिथला चिंचोळा कोपरा प्रत्येक वेळी सुटला. चमकत होते ते हेच कोपरे. आईच्या चित्रात नथीच्या आतली पोकळी राहिली होती, जेमतेम सहा-सात ठिपक्यांची, पण पडद्यावर नाकाखाली पांढरा थेंब लटकल्यासारखा दिसत होता. कमरेवर ठेवलेला हात आणि कंबर यांच्यामधला त्रिकोण, बांगड्यांमधल्या फटी, बैलाच्या शिंगांमधली जागा, हे सगळं असंच. म्हणून काम सुरू करायच्या आधीच सगळ्यात खाली राणी रंगाचा एक लेयर घालून ठेवा. सॉफ्टवेअर पारदर्शक जागी दाखवतं त्या पांढऱ्या-करड्या चौकटींच्या पार्श्वभूमीवर उरलेला कागद दिसतच नाही, राणी रंगावर तो लगेच सापडतो. शेवटी एकदा काळ्यावर आणि एकदा खऱ्या दृश्यावर ठेवूनही बघा.

पारदर्शक तुकडा हलणार आहे, फिरणार आहे, हे कापतानाच डोक्यात असू द्या. चाकाचा कॅनव्हास चौरस हवा आणि तुंबा बरोब्बर मधोमध, नाहीतर फिरताना चाक लंगडतं. चाक अगदी गोल काढायचं. तिरकं दिसायला हवं असेल तर फिरणारं चाक एका पालक लेयरला (ज्याच्यामागे जोडलेला तुकडा जातो असा लेयर) जोडून त्या पालकाला दाबायचं. लंबगोल काढलेलं चाक फिरवलं की डुगडुगतं. सावली चाकाच्या चित्रात कधीच ठेवू नका, ती चाकाबरोबर गरगर फिरेल. हात कापताना खांद्याशी गोल टोक ठेवून थोडा जास्तीचा भाग घ्या आणि हाताखाली झाकलेला पदर धडाच्या लेयरवर रंगवून पूर्ण करा. नाहीतर हात वर गेला की साडीत भोक दिसतं. नऊवारीचा काष्टा हाताखालून कसा जातो हे मला जमत नव्हतं, तेव्हा मी तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं बघून आले. बडोद्यात असाल तर तुम्हीही जाऊन या. एकाच पात्राचे सगळे तुकडे एकाच मापाच्या कॅनव्हासवर, आपापल्या जागी ठेवून एक्स्पोर्ट केले तर आत घेतल्यावर ते आपोआप जुळतात.

पणतीचा उजेड, धुपाचा धूर, पातळ पदर यांना कडच नसते. ते कापायच्या भानगडीत पडू नका. ज्योत आणि तिचा उजेड काळ्यावर रंगवा आणि लेयरचा ब्लेंड मोड, म्हणजे तो खालच्या चित्रात कसा मिसळतो ते, स्क्रीन किंवा ॲड ठेवा, काळं आपोआप नाहीसं होतं.

स्कॅनबद्दल थोडंसं. माझी पहिली चित्रं एका दुकानातून स्कॅन करून आणली होती, त्यांनी जेपीजी करून दिली. जेपीजीच्या दाबण्यामुळे प्रत्येक रेघेभोवती धुरकट कण येतात आणि ते कलर टू अल्फामधूनही जात नाहीत. टिफ किंवा पीएनजी मागा, ३०० डीपीआय पुरतं, बारीक रेघांचं काम असेल तर ६००. मग लेव्हल्समध्ये (उजेड-अंधार बदलायचं साधन) कागद खरोखर २५५ वर आणा. कागद पिवळट राहिला तर फिल्टर त्याला पांढरं मानत नाही आणि सगळ्या चित्रावर पातळ झिलई उरते. आणि तयार पीएनजी कुणाला मोबाइलवर पाठवायचं असेल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की वाटेत जेपीजी होऊन पारदर्शकता जाते. इंटरनेटवर पारदर्शक म्हणून मिळणारी पुष्कळ चित्रंही अशीच फसवी असतात, चौकटी त्यांच्या चित्रातच छापलेल्या असतात.

एका क्लिकमध्ये बॅकग्राउंड काढून देणारी एआयची साधनं माणसांच्या फोटोंना ठीक आहेत. हातानं काढलेल्या चित्रांना मी ती वापरत नाही. आरे, नथ, बैलाच्या शेपटीचे केस, नेमकं जे जपायचं तेच ती खातात.

हललेलं पात्र पारदर्शक व्हिडिओ म्हणून बाहेर काढायचं असेल तर नेहमीच्या एमपीफोरमध्ये अल्फा राहत नाही. पीएनजीची मालिका काढा. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर चार सेकंदांच्या शंभर फाइली होतील. नावं ०००१ पासून द्या म्हणजे क्रम बिघडत नाही. एकच फाइल हवी असेल तर प्रोरेस ४४४४ हा व्हिडिओचा प्रकार घ्या, त्यात अल्फा राहतो.

हे सगळं करूनही किनार राहिली तर एखाद्या पात्राची कड आठपट मोठी करून, एकदा काळ्यावर आणि एकदा राणी रंगावर, असे दोन स्क्रीनशॉट इथे टाका. किनार राखाडी आहे की शुद्ध पांढरी, हे दिसलं की कुठल्या दुखण्यातून आली ते सांगता येईल.