दर्यापूरकडच्या गावात घरी पहिल्यांदा बिअर करायची आहे. नवशिके कोणत्या चुका करतात?

तुम्ही लिहिलंय की बोअरचं पाणी घरचं, ज्वारी शेतातली आणि मुहूर्त एप्रिलचा. भाऊ, नवशिक्याच्या तीन मोठ्या चुका तुमच्या प्रश्नातच आल्या. मी मूळचा तिकडचाच, सध्या पुण्यात एका मायक्रोब्रुअरीत कामाला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कायद्याचं. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय दारू तयार करणं गुन्हा आहे आणि बिअर त्यातून सुटत नाही. खिशात पिण्याचा परवाना असला तरी तो पिण्यापुरताच. वर्धा-गडचिरोलीत तर दारूबंदीच आहे. तेव्हा पुढचं सगळं रीतसर परवाना काढणाऱ्यासाठी, किंवा घरी बिअर करायला मुभा असलेल्या देशात राहणाऱ्यासाठी आहे असं समजा.

आता पाणी. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं आणि तुम्ही बसलाय खारपाणपट्ट्यात. ज्या पाण्यात तुरीची डाळ धड शिजत नाही, त्यात माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेला जव, भिजवून काय मिळणार? त्यातल्या बायकार्बोनेटमुळे मिश्रणाचा सामू (पीएच) वर जातो. तो ५.२ ते ५.६ च्या आसपास हवा. वर गेला की टरफलातला तुरटपणा उतरतो आणि बिअर जिभेला ओढते. सरळ आरओचे जार आणा. मात्र आरओच्या पाण्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं, म्हणून २० लिटरला खाण्याच्या दर्जाचं चार-पाच ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड घाला. ग्रामपंचायतीच्या टाकीचं पाणी घेणार असाल तर त्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पडलेलं असतं. क्लोरीन राहिलं की बिअरला दवाखान्याचा वास लागतो आणि तो नंतर कशानंही जात नाही. असं पाणी आदल्या दिवशी उकळून उघडं ठेवा.

ज्वारीची बिअर होते, नाही असं नाही. आफ्रिकेत ती पिढ्यान्‌पिढ्या होत आलीय. नायजेरियानं १९८८ मध्ये जवाच्या माल्टची आयात बंद केली तेव्हा तिथल्या मोठमोठ्या कारखान्यांनीही ज्वारी-मका धरला. पण पहिल्याच खेपेला तिच्या नादी लागू नका. जवाचा माल्ट ६५-६७ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवला की त्यातल्या पिष्टाची साखर होते. ज्वारीचं पिष्ट मोकळं व्हायला ७० च्या वर जावं लागतं आणि तेवढ्या उष्णतेत साखर करणारी विकरंच (एन्झाइम) मरतात. शिवाय गाळायला जवासारखं टरफल नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोवळी ज्वारी खाऊन ढोरं मरतात हे तुम्हाला मी सांगायला नको. तेच सायनाइडचं विष मोड आलेल्या ज्वारीच्या कोंबात आणि मुळात असतं. वाळवून ते पूर्ण चोळून काढावे लागतात. त्यापेक्षा तयार जवाचा माल्ट विकत घ्या, ज्वारी दोन वर्षांनी बघू.

उन्हाळ्याचं काय सांगू? साखरेची दारू करणारं साधं एल यीस्ट (एल हा बिअरचा एक प्रकार) १८ ते २२ अंशांत नीट काम करतं. आंबताना मिश्रण स्वतःच तापतं, म्हणजे खोलीत ३० अंश असतील तर बादलीत त्याहून दोन-चार जास्तच. मग यीस्ट भराभर साखर खातं, पण सोबत नको ते अल्कोहोल सोडतं. वास रंग पातळ करायच्या थिनरसारखा, आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसायची पाळी. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री छान गारठा असतो, तोच हंगाम धरा. उन्हाळ्यातच करायचं असेल तर बादली पाण्याच्या टबात ठेवा, भोवती ओलं बारदान गुंडाळा आणि पंखा सोडा. कोरड्या हवेत पाच-सात अंश सहज उतरतात. पावसाळ्यात हा उपाय चालत नाही, कूलर चालत नाही तसाच. नॉर्वेत क्वाइक नावाचं पारंपरिक यीस्ट आहे, ते ३५-४० अंशांतही चांगली बिअर देतं. मला विचाराल तर विदर्भातल्या माणसानं तेच शोधावं. बेकरीचं यीस्ट मात्र नको, ते खाली बसत नाही आणि पावाची चव सोडतं.

स्वच्छतेबद्दल सगळेच सांगतात, म्हणून थोडक्यात. घासलेलं भांडं निर्जंतुक नसतं. माल्ट भिजवून गाळलेलं मिश्रण उकळतात. त्या उकळीनंतर त्याला जे जे लागेल, नळी, झाकण, चमचा, ते सगळं आयोडोफोरच्या, म्हणजे आयोडीनवाल्या जंतुनाशकाच्या, पाण्यातून काढा. डेअरीची भांडी धुवायला हे मिळतं. म्हशीच्या सडाला लावायचं औषध मात्र वापरू नका, त्यात बहुतेक वेळा ग्लिसरीन असतं. प्लास्टिकची बादली तारेच्या घासणीनं घासू नका, ओरखड्यात जंतू बसतात. आणि ज्या ओट्यावर ताक घुसळलं जातं तिथं बिअर उघडू नका, आंबेल.

उकळताना झाकण ठेवू नका, नाहीतर उकडलेल्या मक्याचा वास आत कोंडतो. उकळी झाली की बर्फाच्या पाण्यात भांडं ठेवून झटपट गार करा आणि मगच यीस्ट घाला.

बाटल्या भरायची घाई ही शेवटची आणि धोक्याची चूक. बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं असं नाही. हायड्रोमीटर, म्हणजे मिश्रणात साखर किती उरली ते दाखवणारी तरंगती नळी, घ्या, सलग तीन दिवस आकडा तोच आला तरच भरा. गॅससाठी लिटरला सहा ग्रॅम साखर पुरते. ती पाण्यात उकळून, गार करून एकदम सगळ्या बिअरमध्ये मिसळा. बाटलीगणिक चमच्यानं घालाल तर एक फुसकी निघेल आणि दुसरी फुटेल. एक बाटली मुद्दाम सोड्याच्या प्लास्टिकची भरा. ती दाबून कडक लागली की गॅस भरला, काचेच्या सगळ्या लगेच फ्रीजमध्ये. तोवर त्या झाकणाच्या पेटीत ठेवा, टिनाच्या खोलीत नको, आणि पोरांना तिकडे फिरकू देऊ नका.