सई आणि ओजस यांच्या धाकट्या भावाला शोभेल असे नाव कोणते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: थोरली सई सात वर्षांची, मधला ओजस चार वर्षांचा, आणि आता आलेल्या मुलासाठी या दोघांच्या नावांना शोभणारे नाव हवे आहे. तेजस, राजस, साई, अनय आणि निनाद ही पाच नावे आपण काढून ठेवली आहेत, घरातल्यांचा कल तेजसकडे आहे, आणि आपले मन मात्र एकावरही ठरत नाही. माझे मत आधीच सांगून टाकतो: या पाचांपैकी निनाद ठेवावे, आणि तेजस तर मुळीच ठेवू नये.

"शोभणे" म्हणजे "सारखे असणे" असे आपण नकळत धरून चालतो. यमक जुळले किंवा पहिले अक्षर जुळले की नाव शोभले, असा सर्वसाधारण समज आहे. मंगेशकर भावंडांची नावे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. लता, मीना, आशा आणि उषा या चारही नावांत दोन-दोनच अक्षरे आहेत, चारही नावे आकारान्त आहेत, आणि त्यातल्या शेवटच्या दोघींची तर जोडीच लागते. त्यांच्या पाठीवर १९३७ साली जन्मलेल्या भावाचे नाव मात्र हृदयनाथ, म्हणजे पाच अक्षरांचे आणि बहिणींच्या नावांशी ध्वनीने कसलाही संबंध नसलेले. तरीही ते परके वाटत नाही, कारण त्याचा सांधा बहिणींच्या नावांशी नव्हे, तर वडिलांच्या "दीनानाथ" या नावाशी जुळलेला आहे. तेव्हा धाकट्याचे नाव भावंडांच्याच नावांशी जुळले पाहिजे असे नाही. घरातल्या कोणत्याही एका नावाशी त्याचे नाते लागले तरी ते त्या घरातले वाटते.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट मला स्वतःच्या अनुभवाने कळली. माझ्या दोन्ही थोरल्या भावांची नावे "जय"ने संपतात आणि माझे संपत नाही. तिसऱ्या वेळी आईवडिलांना वेगळेच नाव आवडले, एवढेच त्याचे कारण, पण लहानपणी घरी आलेले पाहुणे आम्हा तिघांची नावे ओळीने विचारत आणि माझ्या नावापाशी पोहोचले की हसून म्हणत, "हा सख्खाच ना?" मला त्याचे फार दुःख झाले असे नाही, माझे नाव मला आवडते, पण दोन नावांचे यमक हा निव्वळ योगायोग असतो आणि तिसऱ्या नावापाशी त्याचा एकाएकी नियम होऊन बसतो, हे तेव्हापासून डोक्यात राहिले आहे. तिसरे नाव त्या नियमात बसले नाही तर तिसरा उघडा पडतो.

आपल्याकडे सुदैवाने असा नियम अजून तयार झालेला नाही. सई आणि ओजस यांच्यात ना यमक आहे, ना समान आद्याक्षर. दोन्ही नावे आपापल्या जागी सुटी उभी आहेत. आता धाकटा तेजस झाला तर काय होईल ते पाहा. ओजस आणि तेजस यांची घट्ट जोडी जमेल आणि आजवर कोणाला न जाणवलेली गोष्ट जाणवू लागेल, ती म्हणजे सई एकटी पडली. धाकट्याचे नाव केवळ धाकट्याचे नसते. त्याच्यामुळे आधीच्या दोन नावांचे परस्परांशी असलेले नातेही बदलते. घरातल्यांना तेजस आवडते ते ओजसच्या शेजारी ठेवून. सईच्या शेजारी ठेवून पाहिल्याचे आपल्या प्रश्नावरून तरी दिसत नाही.

तेजसला दुसरी हरकत कानाची आहे. आतल्या खोलीतून किंवा जिन्यावरून हाक मारली जाते तेव्हा नावाचे पहिले अक्षर अर्धवट पोहोचते आणि ताणलेला शेवट तेवढा ऐकू येतो. ओजस आणि तेजस यांचा शेवट एकच, "जस". माझी आई हाक मारी तेव्हा माझे दोघे भाऊ एक तर एकदम "ओ" देत, नाही तर ती दुसऱ्यालाच मारली आहे असे समजून दोघेही गप्प बसत, आणि हे दुसरे प्रकरण काम सांगायचे असेल तेव्हा हमखास घडे. पुढे मित्रमंडळी नावाला "या" जोडतील ते वेगळेच: ओज्या आणि तेज्या. शिवाय दोन्ही नावांचा अर्थही जवळपास एकच आहे, त्यामुळे धाकट्याला थोरल्याच्या नावाची दुसरी प्रत मिळाल्यासारखे होते. आईवडील मुलांची नावे आपापसांत घोटाळतात हे आपण सर्व जण पाहतो; ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली या विषयावर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की हा घोटाळा मुख्यतः एकाच नात्यातल्या माणसांच्या नावांत होतो, आणि नावांचा ध्वनी सारखा असेल तर त्यात भर पडते. (घरातल्या कुत्र्याचे नावही मुलांच्या यादीत शिरते, असेही त्यात आढळले आहे.) म्हणजे एका नात्यातली असल्यामुळे भावंडांची नावे आधीच घोटाळ्याच्या टप्प्यात असतात; त्यात यमकाची भर आपण होऊन कशाला घालायची?

राजस हा शब्द मला फार गोड वाटतो, पण अर्थाची सोडून तेजसला लावलेली प्रत्येक हरकत त्यालाही लागू आहे. वर सात्त्विक, राजस, तामस ही त्रयी सर्वांना पाठ असल्याने कोणी तरी तामसची चौकशी करणारच.

साई या नावाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. देवनागरीत सई आणि साई यांच्यात एका कान्याचा फरक आहे. रोमन लिपीत तेवढाही राहत नाही, दोन्ही नावे त्याच तीन अक्षरांत लिहिली जातात. बहीण-भावाचे वडिलांचे नाव आणि आडनावही एकच असल्यावर कोणत्याही यादीत, तिकिटावर किंवा दाखल्यावर ही दोन मुले एकच माणूस होतील. हे नाव श्रद्धेने मनात असेल तर ते मधले किंवा घरगुती नाव म्हणून ठेवता येईल.

अनयच्या बाबतीत माझी हरकत अर्थाची आहे. ध्वनीने हे नाव सई आणि ओजस यांच्या पंक्तीत सहज बसते: मऊ, तीन अक्षरांचे, जोडाक्षर नसलेले. पण संस्कृतात "नय" म्हणजे नीती, शहाणपणाचे वागणे, आणि त्याला "अ" लागला की अर्थ उलटतो. कोशात अनय या शब्दापुढे दुर्वर्तन, अनीती, आपत्ती असे अर्थ सापडतात. सईला आणि ओजसला आपल्या नावाचा अर्थ अभिमानाने सांगता येतो. तिसऱ्याने दहाव्या वर्षी शब्दकोश उघडावा आणि त्याला हे दिसावे, हे मला बरे वाटत नाही. हाच निकष "अंश"ने संपणाऱ्या अनेक नव्या नावांनाही लावून पाहावा. अंश म्हणजे भाग हे खरे, पण कशाचा भाग, ते पूर्वार्धावरून कळत नसेल तर तो नुसता ध्वनी उरतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. नवे नाव शोधण्याआधी जुन्या दोन नावांत काय समान आहे ते शोधावे. सई हा शब्द संस्कृत "सखी"पासून प्राकृतातून मराठीत आला. शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई यांच्या नावात तो आपल्याला भेटतो. ओजस मात्र सरळ संस्कृतातून उचललेला आहे, त्याचा अर्थ बळ, तेज, चैतन्य. एक शब्द तोंडात घोळून गुळगुळीत झालेला आणि दुसरा कोशातून तसाच आलेला, तरी दोघांची जातकुळी एक आहे: दोन्ही नावे देवाची नाहीत, दोन्हींत जोडाक्षर नाही, दोन्ही बोलताना दोनच ठोक्यांत संपतात (ओजसमधला शेवटचा "अ" आपण उच्चारत नाही), आणि दोन्ही नावे दूरध्वनीवर दोनदा सांगावी लागत नाहीत. या दोघांच्या शेजारी रणधीर किंवा हिरण्मय ठेवून पाहा. नावे उत्तम आहेत, पण दुसऱ्या घरातून पाहुणी आल्यासारखी वाटतात.

अर्थाने नाते जोडायचे असेल तर तो धागा लपलेला असावा, असे माझे मत आहे. चापेकर बंधूंची नावे दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव. तिन्ही नावे एकाच कृष्णाची, वडिलांचे नाव हरी, आणि तरी ऐकताना एकही नाव दुसऱ्यासारखे वाटत नाही. हाकेत घोटाळा होण्याचा प्रश्नच नाही. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता या भावंडांच्या नावांत तर वैराग्यापासून मुक्तीपर्यंतची एक पूर्ण वाट दिसते. अर्थात अशी मालिका जमवण्याच्या मागे लागू नये, आणि "मुक्ता"नंतर पाचवे अपत्य झाले असते तर त्याचे नाव काय ठेवायचे, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

आपल्या दोन नावांतून असे दोन धागे निघतात. काव्यशास्त्रात काव्याचे तीन गुण सांगितले आहेत: माधुर्य, ओज आणि प्रसाद. त्या हिशेबाने ओजसचा खरा भाऊ प्रसाद! ज्याला कळेल त्याला कळेल, बाकीच्यांना ते साधे नाव वाटेल. अडचण एवढीच की या नावाला मागच्या पिढीचा वास आहे आणि ते जोडाक्षराने सुरू होते. मला स्वतःला चालले असते, आपल्याला चालेल का ते आपण ठरवावे. दुसरा धागा सईकडून येतो. सई म्हणजे मैत्रीण, तर भावाचे नाव मैत्र. हा शब्द पसायदानामुळे मराठी माणसाच्या कानात बसलेला आहे, उच्चारात दोनच ठोके आहेत, नाव म्हणून तो विरळा आहे, त्यामुळे पहिली काही वर्षे "मित्र का?" असा प्रश्न ऐकण्याची तयारी ठेवावी लागेल.

एवढे सगळे लिहूनही माझा कौल निनादलाच आहे, कारण ते नाव कोणाचेही नाते बिघडवत नाही. निनाद म्हणजे नाद, घुमत राहणारा आवाज. सईत "अ" आणि "ई", ओजसमध्ये "ओ" आणि "अ", निनादमध्ये "इ" आणि "आ" असे स्वरांचे वेगवेगळे मेळ पडतात; तिघांची सुरुवात निराळी, शेवट निराळा. हाक मारताना ताणायला मधला दीर्घ "ना" आयता मिळतो. "सई, ओजस, निनाद" असे ओळीने म्हटले तर नाव हळूहळू भरत जाते, आणि हा क्रम कानाला का बरा वाटतो याचे उत्तर पाणिनीकडे सापडते: द्वंद्व समासात कमी स्वरांचे पद आधी यावे, असे त्याचे सूत्र आहे, म्हणून आपण "रामलक्ष्मण" म्हणतो. आपले सर्वांत छोटे नाव थोरलीचेच आहे, त्यामुळे वयाचा क्रम आणि कानाचा क्रम आपोआप जुळतो.

एक गोष्ट मात्र तपासून घ्यावी. आपले आडनाव आपण लिहिलेले नाही. ते "द"ने सुरू होत असेल तर निनादचा शेवट त्यात बुडून जाईल. तसे असल्यास मिहिरचा विचार करावा. अर्थ सूर्य, म्हणजे ओजसच्या जवळचा. फक्त लोक ते मिहीर असे दीर्घ लिहितील आणि आपल्याला आयुष्यभर ऱ्हस्व करून घ्यावे लागेल.

शेवटी दोनच नावे उरली की ती सईसमोर ठेवावीत आणि तिला त्यातून निवडू द्यावे. पाच नावे ठेवलीत तर ती सहावे सुचवेल. ओजस चार वर्षांचा आहे, त्याला निवडायला सांगण्यात अर्थ नाही, पण त्याच्या तोंडून ते नाव काय होऊन बाहेर पडते ते जरूर ऐकून घ्यावे, कारण पुढची दोन-तीन वर्षे घरात तेच चालणार आहे.