तुमच्या कादंबरीतला खून नेमका कशासाठी झाला?

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. डोंबिवलीतली जुनी चार मजली सोसायटी, अकरा बिऱ्हाडं, प्रत्येकाचं काहीतरी झाकलेलं. शेवटी कळतं की खून झालेल्या आजोबांनी मुलाचं नाव काढून समोरच्या काकूंना गुपचूप नॉमिनी केलं होतं. म्हणजे फ्लॅट काकूंचा, म्हणजे खुनाचं कारणही त्यांच्याकडेच. आणि तुम्ही विचारताय की मधली शंभर पानं रेंगाळतात, काय करू. अहो, रेंगाळलेली पानं कापता येतात. शेवटाचं बघा आधी.

हाच शेवट मी 2017 साली लिहिला आणि छापलाही. तीस वर्षं बँकेत काढली, नॉमिनेशनचे फॉर्म स्वतः भरून घेतले, तरी! त्याच्या आदल्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला होता आणि 'आता नॉमिनीच फ्लॅटचा मालक' असा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरत होता. प्रकरण पश्चिम बंगालचं होतं. सोसायटीने नॉमिनीच्या नावे हस्तांतर करावं, पण वारसांना हक्कासाठी दाद मागता येईल, असं त्यात होतं. हा दुसरा अर्धा भाग मेसेजमध्ये नव्हता, आणि मूळ निकाल मी वाचला नाही. मेसेज खरा धरून 240 पानं रचली.

पुस्तक आल्यावर तिसऱ्या आठवड्यात एका वाचकाचा फोन आला. कुठल्याशा सोसायटीचे माजी सेक्रेटरी. म्हणाले, "मॅडम, पुस्तक एका बैठकीत वाचलं. फक्त एक सांगा, खून कशासाठी झाला?" मी समजावायला लागले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण नॉमिनी विश्वस्त असतो हो. फ्लॅट वारसांनाच जाणार." पुढचं मला फारसं ऐकू आलं नाही.

प्रकाशकाचं नाव घेत नाही. पैसे माझ्याकडूनच घेतले होते, 'संपादकीय संस्कार' म्हणून वेगळे. दोन महिन्यांत त्यांनी ऱ्हस्व-दीर्घ बदलले, त्यातलेही निम्मे चुकीचे. चूक दाखवल्यावर उत्तर आलं, "मजकुराची जबाबदारी लेखकाची." पुन्हा छापायचं तर पुन्हा तेवढेच पैसे. शेवटी पाचशे प्रती टेम्पोने घरी आणल्या.

असो. मी वकील नाही, तेव्हा एखाद्या वकिलाला दाखवून घ्याच. पण आता तर कायद्यातच सरळ लिहिलंय. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था अधिनियमात 2019 साली गृहनिर्माण संस्थांचं वेगळं प्रकरण आलं. त्यानुसार वारस सदस्य होईपर्यंत नॉमिनी हा फक्त तात्पुरता सदस्य. काकूंना फ्लॅट खरोखरच द्यायचा असेल तर आजोबांना मृत्युपत्र करू द्या. त्याला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही. फ्लॅट स्वकष्टार्जित आहे एवढं कुठेतरी येऊ द्या. आणि मुलालाच खुनी करणार असाल तर ध्यानात ठेवा, हिंदू वारसा कायद्याच्या कलम 25 प्रमाणे खून करणाऱ्याला त्या माणसाचा वारसा मिळत नाही.

पण खरं सांगू? नॉमिनेशन कथेतून काढूच नका. खुनी माणसाचाच तो गैरसमज असू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून त्याने खून केला आणि हाती काही लागलं नाही! मला हे सुचलं तेव्हा उशीर झाला होता.

शिवाय 'गुपचूप' हे तर जमणारच नाही. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, फॉर्म तीन प्रतींत, खाली दोन साक्षीदार, मग कमिटीच्या सभेत नोंद, मग नोंदवही. पहिल्या नामनिर्देशनाला शुल्क नाही, बदलायचं तर 100 रुपये. तुमच्या सोसायटीचे उपविधी एकदा बघून घ्या. म्हणजे सेक्रेटरीला माहीत, कमिटीला माहीत आणि त्या जिन्यातल्या कुठल्यातरी दोघांनी सही केलेली. ते दोघे कोण, याच्यावर तुमची रेंगाळणारी शंभर पानं पळतील. आजोबांच्या चष्म्याच्या घरात घडी करून ठेवलेली शंभर रुपयांची पावती सुनेला सापडू द्या. सुनेला वाटेल गणपतीची वर्गणी.

आणखी एक, माझं वैयक्तिक मत: अकरा बिऱ्हाडांना अकरा गुपितं नकोत. तीन पुरे, बाकीच्यांना नुसत्या खोडी द्या. आणि वॉचमन किंवा कामवाली बाई यांच्यावर पहिला संशय, हे आता बास. बाईला सगळं माहीत असतं हे खरं, पण तिला विचारतं कोण?

माझ्या दिवाणात अजून दोनशे बारा प्रती आहेत. पत्ता खासगी मेसेजमध्ये कळवा, एक पाठवते, टपालखर्च माझा. पान 187 पासून पुढे वाचू नका.